मनावर घेतलं की होतं

लेकाच्या ईईजीचा, म्हणजे मेंदूच्या आलेखाचा रिपोर्ट हातात पडला, शेवटच्या ओळीत नॉर्मल लिहिलेलं दिसलं आणि मी तिथेच पॅसेजमध्ये उभं राहून नवऱ्याला मेसेज टाकला. त्याचा लगेच हात जोडलेला इमोजी आला. मग आईला फोन केला, तीही हुश्श म्हणाली, मी सांगतच होते काही निघणार नाही म्हणून. लेक माझ्या शेजारी उभा राहून केसांत वाळलेली पेस्ट नखानं खरवडत होता, तिचे पांढरे कण त्याच्या शर्टाच्या खांद्यावर कोंड्यासारखे पडत होते, आणि मी फोन ठेवल्याबरोबर तो म्हणाला, "म्हणजे मी मुद्दाम करतो असंच आलं ना त्यात?" मी म्हटलं, काय मुद्दाम? तर म्हणाला, "सगळंच." मी म्हटलं वेडा आहेस का, असं काही नसतं त्यात, चल लिफ्ट आली. आणि खरंच लिफ्ट आली होती. आम्ही आत शिरलो, त्यानं सगळ्या मजल्यांची बटणं दाबून टाकली, मी ओरडले, विषय संपला.

संपला कुठला.

गेले तीन आठवडे ते वाक्य माझ्या डोक्यात आहे. नऊ वर्षांचं पोर, त्याला कुणी समजावून सांगितलं होतं की या डोक्याला लावलेल्या वायरींमधून तुझा मेंदू कसा चालतो ते दिसणार आहे. मेंदूत काही बिघाड निघाला असता तर वर्गात लक्ष नसतं त्याचं कारण सापडलं असतं, वह्या हरवतात त्याचं सापडलं असतं, आणि आठवड्यातून चार रात्री गादी ओली होते त्याचंही सापडलं असतं. निघालं काय तर काहीच नाही. मग उरला कोण, तो स्वतः. लॉजिक बिनचूक आहे हो, मोठी माणसंही असंच बोलतात, गाडीत बिघाड नाही म्हणजे चालवणाऱ्याची चूक. आणि तो बिचारा रिपोर्ट काय येतोय म्हणून माझ्यापेक्षा जास्त धास्तावलेला असणार, फक्त आम्ही दोघं उलट्या गोष्टींना घाबरत होतो.

ईईजी काढायचं कारण तसं वेगळंच होतं. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही तो प्रॉब्लेम, आहे की नाही हे कुठल्याही मशीनमधून कळत नाही, ते विचारून विचारून, घरून एक आणि शाळेतून एक असे फॉर्म भरून, बरेच महिने काय काय होतंय ते बघून ठरवतात. पण त्याच्या बाईंनी लिहिलं होतं की हा मधेच भिंतीकडे बघत बसतो, दोनदा हाक मारली तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, एक प्रकारची फिट असते, त्यात मूल पडत नाही की थरथरत नाही, नुसतं काही सेकंद थांबतं, ती नाही ना हे बघून घेऊ. तिचा आलेख अगदी ठरलेला असतो म्हणे, सेकंदाला तीन ठोके, सुळका-लाट, सुळका-लाट. निघता निघता, हात दरवाजाच्या कडीवर असताना मी म्हटलं, डॉक्टर, अजून एक होतं. गादीचं. लेकानं लगेच मान खाली घातली आणि बुटाच्या टोकानं फरशीचा सांधा कोरायला लागला. डॉक्टरांनी अगदी सहज स्वरात म्हटलं, मग झोपेतलापण आलेख काढू. बाकी काही नाही म्हणाले, पण मला राग आला होता, त्यांचा नाही, माझाच, की ही गोष्ट मी दरवाजात उभं राहून, आवाज खाली आणून सांगितली. मुलांना शब्द कमी कळत असतील, आवाज खाली आलेला बरोब्बर कळतो.

झोपेतला काढायचा म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागवायचं होतं, ते काम सगळ्यात सोपं गेलं. खोलीत एक टेक्निशियन ताई होत्या, त्यांनी टेपनं डोकं मोजलं, पेन्सिलीनं खुणा केल्या, कापसानं त्या जागा घासल्या आणि एकेक करत एकवीस बटणं पेस्टनं चिकटवली. आणि म्हणाल्या, आता अजिबात हलायचं नाही. मला हसूच आलं. पोरगं एका जागी बसत नाही म्हणून तर इथपर्यंत आलो आणि इथे पहिली अट काय तर हलायचं नाही. मेंदूतनं येणारा सिग्नल इतका बारीक असतो, व्होल्टचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोव्होल्ट, असे काही दहा-वीस, फार तर शंभर, की पापणी लवली तरी स्क्रीनवर डोंगर उठतो. हे त्याच्या दोन मिनिटांत लक्षात आलं. मग त्यानं दात चावले, स्क्रीन काळीभोर झाली. सोडले, साफ. परत चावले. ताई ओरडल्या आणि मग त्यांनाही हसू फुटलं. डोळे मीट म्हटल्यावर मात्र त्यानं मिटले आणि डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघांमध्ये एकसारख्या छोट्या छोट्या लाटा सुरू झाल्या, एखादी सवयीची बाई सुईनं टीप मारते तशा. उघड म्हटलं की गेल्या. मीट म्हटलं की आल्या. त्याच्यात इतकं शिस्तीचं काहीतरी मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या लाटा पहिल्यांदा सापडल्या हान्स बर्गर नावाच्या मानसोपचाराच्या डॉक्टरला, जर्मनीत येना गावी. १९२४ साली त्यानं माणसाच्या डोक्यावरून असा आलेख घेतला आणि छापला १९२९ मध्ये, मधली पाच वर्षं हा गडी स्वतःशीच खात्री करत बसला होता की हे खरं आहे की तारांचा खेळ आहे. ज्यांच्या डोक्याला त्यानं तारा लावल्या त्यात त्याचा स्वतःचा मुलगा क्लाउसही होता. मला यातलं काय आवडलं सांगू, बर्गर तरुणपणी लष्करात असताना घोड्यावरून पडला, तोफगाडीच्या चाकाखाली जाता जाता वाचला, आणि त्याच दिवशी घरून तार आली की तू ठीक आहेस ना, बहिणीला वाटतंय तुला काहीतरी झालं. तेव्हापासून त्याला छंदच लागला की एकाच्या मनातलं दुसऱ्यापर्यंत पोचतं कसं ते शोधायचं. पुढे अनेक वर्षं मेंदूच्या मागे लागून हाती आलं काय, तर डोळे मिटल्यावर येणाऱ्या लाटा, सेकंदाला आठ ते तेरा. मनातलं काही पोचलं नाही. पण मुलाच्या डोक्याला तारा लावून शेजारी बसलेला बाप मी अगदी डोळ्यांसमोर आणू शकते, त्याला नक्की काय बघायचं होतं तेही.

रात्री सगळे झोपले की मी हे असलं वाचत बसते हल्ली. वाचायचं नाही ठरवते आणि दोन वाजवते. आमच्याकडे लक्ष न लागण्याचा प्रॉब्लेम फक्त लेकालाच आहे असं काही नाही.

तर या मुलांच्या ईईजीची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला मुलांचं एक हॉस्पिटल होतं, तिथल्या चार्ल्स ब्रॅडलीनं १९३७ मध्ये काही मुलांना बेंझेड्रिन दिलं, खरं तर एका तपासणीनंतर मुलांचं डोकं फार दुखायचं म्हणून ते देऊन बघत होते, डोकेदुखीवर काही फार उपयोग झाला नाही पण तीसातली चौदा मुलं वर्गात अभ्यासाला लागली. मुलांनीच त्या गोळीचं नाव गणिताची गोळी ठेवलं. झोप उडवणारी गोळी आणि तिनं पोरं शांत बसायला लागली, कुणालाच काही उलगडेना. तिथेच हर्बर्ट जॅस्परनं १९३८ मध्ये अशा मुलांचे आलेख छापले आणि त्यात कपाळाच्या बाजूला संथ लाटा जास्त दिसल्या. संथ म्हणजे सेकंदाला चार ते आठ, ज्यांना थीटा म्हणतात, आपण पेंगायला लागलो की येतात त्या. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले. म्हणजे जे पोर आपल्याला घरभर उधळलेलं दिसतं त्याच्या मेंदूचा पुढचा भाग कदाचित पेंगत असतो आणि स्वतःला जागं ठेवण्यासाठीच ते हातपाय हलवत असतं? लेक्चरला झोप आली की आपण पेन फिरवतो, पाय हलवतो, तसं?

इतकं छान जुळलं की मला तिथेच थांबायचं होतं. पण पुढे वाचलं. थीटा आणि बीटा, म्हणजे जागेपणीच्या जलद लाटा, यांचं प्रमाण काढून एडीएचडी ओळखायला मदत करेल अशा एका ईईजी यंत्राला अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी मिळाली, सहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी. त्याच सुमाराला जुने-नवे अभ्यास एकत्र करून बघितले तर ते प्रमाण सगळ्या मुलांत दिसेना, काहींत दिसतं काहींत नाही, आणि ज्यांना एडीएचडी नाही अशांतही जास्त निघतं. २०१६ मध्ये तिथल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेनं सरळ सांगितलं की नेहमीच्या तपासणीऐवजी हे वापरू नका. म्हणजे शंभर मुलांची सरासरी काढली तर काहीतरी वेगळं दिसतं, पण समोर बसलेल्या एका मुलाकडे बोट दाखवून काही सांगता येत नाही. आणि आईला तर शंभर मुलांशी काही देणंघेणं नसतं. लेकाच्या रिपोर्टवरचं नॉर्मल एवढंच सांगत होतं की ती विशिष्ट फिट दिसली नाही. लक्ष लागतं की नाही, मुद्दाम की आपोआप, हे त्या मशीनला कुणी विचारलंच नव्हतं. मुळात हा शब्दच मला आता खटकायला लागलाय, नॉर्मल म्हटलं की आपण पुढचं ऐकायचं थांबवतो.

एक आकडा मात्र मी नवऱ्याला झोपेतनं उठवून सांगितला. फिलिप शॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एडीएचडी असलेली २२३ आणि नसलेली २२३ मुलं घेऊन, त्यांचे एमआरआय काढून, मेंदूच्या वरच्या थराची जाडी मोजली होती. तो थर आधी जाड होत जातो आणि मग पातळ व्हायला लागतो. निम्म्या जागी जाडी पूर्ण व्हायचं वय इतर मुलांत साडेसात आणि या मुलांत साडेदहा. तीन वर्षं मागे, पण त्याच क्रमानं, त्याच वाटेनं. सगळ्यात जास्त उशीर पुढच्या भागात, जिथे थांब, आधी विचार कर, नंतर कर हे चालतं. आणि एक जागा उलटी, थोडी लवकरच तयार होणारी, ती म्हणजे हातापायांना हुकूम देणारी पट्टी. पळायची जागा आधी तयार आणि थांबायची जागा अजून बांधकामात. नवरा म्हणाला बरं, आणि कूस बदलली. सकाळी मात्र डबा भरताना स्वतःहून म्हणाला, म्हणजे शिस्तीच्या बाबतीत हा सहा वर्षांचा समजायचा का. तसं अगदी सरळ गणित नाही ते, पण मी हो म्हटलं, कारण त्या दिवशी तो बुटाच्या नाडीवरून ओरडला नाही.

आता दादाबद्दल लिहायला हवं, इतका वेळ टाळतेय.

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. आम्ही एका खोलीत झोपायचो, त्याच्या गादीवर चादरीखाली मेणकापड असायचं, कूस बदलली की ते करकर वाजायचं, आणि तो आवाज माझ्यासाठी रात्रीचा आवाज होता, जसा कुणाला पंख्याचा असतो. पहाटे कधीतरी वास यायचा, मग अंधारात कापडाची खसखस, दादा हळूच चादर गोळा करतोय. तो दिवा लावायचा नाही. चादरीचा बोळा करून, ओला भाग आत ठेवून, कुणाच्या अंगाला लागणार नाही असा पोटाशी धरून न्यायचा. आई रात्री अकराला त्याला उठवून बाथरूममध्ये नेऊन उभं करायची, तो उभ्या उभ्या झोपलेला असायचा, आई शू कर म्हणायची, तो करायचा, सकाळी त्याला यातलं काही आठवायचं नाही. संध्याकाळनंतर पाणी बंद. शाळेच्या कॅम्पच्या वेळी दरवर्षी त्याचा पाय दुखायचा. आणि बाबा. बाबा मारायचे नाहीत, ओरडायचेपण नाहीत फारसे, ते फक्त म्हणायचे, "मनावर घेत नाहीस तू. मनावर घेतलं की होतं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मला ते लहानपणी खरंच वाटायचं, की मन म्हणून एक फळी आहे कुठेतरी आणि दादा आळशीपणा करून तिच्यावर काही ठेवत नाहीये.

आणि एकदा, मी सात वर्षांची असेन, कशावरून तरी आमचं भांडण झालं, त्याचे मित्र खाली उभे होते, आणि मी गॅलरीतनं ओरडून सांगितलं, याची गादी का वाळत घातलीय विचारा याला. बस एवढंच. दादानं वर बघितलं. मारेल म्हणून मी आत पळाले पण तो वर आलाच नाही, संध्याकाळपर्यंत. त्या विषयावर आम्ही त्यानंतर तीस वर्षं बोललो नाही. माझ्या लेकाचं सुरू झालं, म्हणजे थांबलंच नाही, तेव्हासुद्धा मी दादाला सांगितलं नव्हतं. काय तोंडानं सांगणार होते.

पाच वर्षांच्या शंभर मुलांतली साधारण पंधरा रात्री गादी ओली करतात, मुलगे जास्त. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त सापडतं. कारणं एक नाही. रात्री मूत्र कमी तयार व्हावं म्हणून मेंदू एक हार्मोन सोडतो, काही मुलांत ते रात्री पुरेसं वाढत नाही. त्याचं नाव एडीएच. फाइलवर एडीएचडी आणि खाली एडीएच लिहिलेलं बघून नवऱ्यानं विचारलं, डी राहिला का इथे. दोघांचा काही संबंध नाही, नावं ठेवणाऱ्यांनी आमची गंमत केलीय इतकंच. काहींचं मूत्राशय रात्री मधेच आकसतं, काहींना बद्धकोष्ठ असतं आणि तेच आतून दाबत असतं. पण या सगळ्यावर एक प्रश्न उरतोच, पोर उठत का नाही? लघवी करायची की थांबायचं हे बघणारी जागा मेंदूच्या खोडात असते, बॅरिंग्टननं १९२५ मध्ये मांजरांवर प्रयोग करून दाखवली, आणि तिला अगदी खेटून निळसर पेशींचा एक ठिपका असतो जो बाकीच्या मेंदूला जागं करतो, सावध ठेवतो. लक्ष देण्याच्या कामातही हाच ठिपका. मूत्राशय भरलं की एका घरातून शेजारच्या घरात निरोप जावा इतकं जवळ. लेकाचे दोन्ही प्रॉब्लेम या दोन घरांच्या मधल्या भिंतीत आहेत असं म्हणून टाकायचा मला फार मोह होतो, पण थीटा लाटांनी मला एकदा शहाणं केलंय.

त्या न उठण्यावर दोन अभ्यास वाचले आणि ते डोक्यातनं जात नाहीत. एक कॅनडातला, १९९७ चा. झोपलेल्या मुलांच्या कानाला हेडफोन लावून आवाज वाढवत नेला, पार १२० डेसिबलपर्यंत. गादी ओली न करणारी मुलं साधारण ४० टक्के वेळा उठली, ओली करणारी ९ टक्के. ठीक, म्हणजे गाढ झोप, आपली आजी पण हेच सांगते, कुंभकर्ण आहे म्हणून. पण हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये, ज्यांचं फारच जास्त होतं अशा मुलांचे रात्रभर ईईजी काढले तर उलटंच. त्यांची झोप गाढ नव्हती, हलकी होती. आलेखावर रात्रभर जागं होण्याच्या खुणा, इतर मुलांपेक्षा जास्त. मेंदू सारखा सारखा जागेपणाच्या काठापर्यंत येतो, आणि परत आत जातो. उठणं तेवढं होत नाही. त्यांचा अंदाज असा की मूत्राशय सतत घंटा वाजवत राहिल्यानं मेंदूनं ती घंटा ऐकणंच दाबून टाकलं असावं. ज्याच्या घरासमोर दिवसरात्र हॉर्न वाजतात त्याला हॉर्न ऐकू येईनासा होतो तसं काहीसं. म्हणजे जे पोर सकाळी ओल्या चादरीत निवांत झोपलेलं दिसतं त्याचा मेंदू रात्रभर उठायचा प्रयत्न करून करून दमलेला असू शकतो.

हे मी आईला सांगत होते फोनवर, जरा रागातच, दादाचं नाव घेऊन, बाबांचं ते वाक्य घेऊन. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अगं, त्यांचंपण होतं." मी म्हटलं कुणाचं? "तुझ्या बाबांचं. बारा वर्षांचे होईपर्यंत. लग्नानंतर एकदाच बोलले होते, मला म्हणाले कुणाला सांगू नकोस."

आईबापांपैकी एकाला लहानपणी असेल तर मुलाला असण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७, आणि कुणालाच नसेल तर १५, हे आकडे मी आधीच वाचले होते. पण मला जे लागलं ते वेगळंच. ज्या मुलांचं होतं त्यांच्यातल्या साधारण १५ टक्क्यांचं दरवर्षी आपोआप थांबतं, काही नाही केलं तरी. म्हणजे ज्या वर्षी थांबतं त्या वर्षी घरात जे काही चाललं असेल त्याला श्रेय मिळतं. कुणी पाणी बंद केलेलं असतं, कुणी बक्षीस लावलेलं असतं, कुणी पोराला धाक घातलेला असतो. आणि बाबांनी, बारा वर्षांच्या त्या मुलानं, एका रात्री दात चावून मनाशी ठरवलं असणार, उद्यापासून नाही. आणि त्यांच्या नशिबानं तेव्हाच थांबलं. त्यांना आयुष्यभर खरंच वाटत राहिलं की ते त्यांनी केलं. ते दादाला टोचून बोलत नव्हते, स्वतःला सापडलेलं एकमेव औषध देत होते. आता ते नाहीत, त्यामुळे भांडायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर आता भांडावंसंही वाटत नाही, पण दादाचा चादरीचा बोळा आठवला की परत वाटतं.

मधल्या काळात आम्ही अलार्म आणलाय. चड्डीला एक छोटा सेन्सर, खांद्याला डबी, ओल लागली की वाजतो. मूळ कल्पना फाउंडलर नावाच्या मुलांच्या डॉक्टरची, १९०४ ची, त्यानं तर नर्सना कळावं म्हणून तो बसवला होता की अमक्या मुलाची चादर बदला, आणि काही दिवसांनी बघतो तर मुलंच कोरडी राहायला लागलेली. दोन-तीन महिने नेटानं लावला तर साधारण तीनातल्या दोघांना गुण येतो. जाहिरातीत सांगत नाहीत ते असं की पहिले काही आठवडे अलार्म वाजला की घरातले सगळे उठतात, एक सोडून. नवरा उठतो, मी उठते, शेजारच्यांनी एकदा भिंत ठोकली, लेक घोरत असतो खांद्यावर बोंबलणारी डबी घेऊन. मग त्याला उभं करायचं, तोंड धुवायला लावायचं, डबी त्यानंच बंद करायची असा नियम आहे. परवा त्यानं डोळे उघडले, मी विचारलं कुठे आहेस, तर स्पष्ट म्हणाला, "बाथरूममध्ये." होता पलंगावर.

त्या सकाळी मी दादाला फोन केला. लेकाचं सांगितलं, अलार्मचं सांगितलं, गॅलरीचं सांगता सांगता माझा आवाज गेला तर म्हणाला, "हं, आठवतंय," आणि पुढे बोल म्हणाला. मग बाबांचं सांगितलं. पलीकडे इतकी शांतता झाली की मी दोनदा हॅलो म्हटलं. "किती वर्षांपर्यंत?" "बारा." परत शांतता. "माझं अकराला थांबलं," दादा म्हणाला, "म्हणजे मी त्यांच्या आधी मनावर घेतलं," आणि हसायला लागला, हसतोय की काय करतोय ते मला नीट कळेना, मीपण हसले. मग म्हणाला, फोन दे त्याला.

मी स्पीकरवर टाकला नाही, पण दादाचा आवाज मोठा आहे. तो म्हणाला, अरे मला एक कायम पडायचं स्वप्न, मी उठलोय, पॅसेजमधनं चालत गेलोय, दिवा लावलाय, दार लावून घेतलंय, सगळं व्यवस्थित. आणि मग जाग यायची. मी रोज उठायचो रे, फक्त स्वप्नात उठायचो. लेक काही बोललाच नाही. फोन कानाला लावून तो पलंगावर बसला होता, एक पाय दुसऱ्या पायावर घासत, आणि पहिल्यांदाच बाकी कुठलाही अवयव हलत नव्हता.

"तुला तेव्हा फरशी गार लागायची?" त्यानं विचारलं.

दादा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण लेक म्हणाला, "मलापण," आणि मग ते दोघं बराच वेळ फरशीबद्दलच बोलत होते.